मोडेम फोन उचलतो, पण लॉगिन येत नाही: युनिक्स यंत्रांमधील डायल-अप जोडणीविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका टोकाला एससीओ युनिक्सचे जुने यंत्र, दुसऱ्या टोकाला लिनक्स. दोन्हींना बाहेरून जोडलेले, हेज कंपनीच्या आज्ञा समजणारे मोडेम. आणि रात्री यूयूसीपीने, म्हणजे युनिक्स यंत्रांनी फोनवरून एकमेकांना फायली पोचवण्याच्या जुन्या पद्धतीने, टपाल व फायलींची देवाणघेवाण व्हावी एवढीच अपेक्षा. प्रत्यक्षात लिनक्सकडून फोन लागतो, पण काम संपल्यावर मोडेम लाइन सोडत नाही. एससीओकडून फोन केला तर लिनक्सचा मोडेम उचलतो, पण लॉगिनऐवजी निरर्थक अक्षरे उमटतात. शिवाय कोणी फोन केलेला नसतानाही लिनक्सचे यंत्र अधूनमधून विनाकारण मंदावते. यूयूसीपीच्या फायली आपण पुनःपुन्हा तपासल्या आणि त्यांत चूक सापडली नाही.

सापडणारही नाही, कारण दोष त्यांच्या एक मजला खाली आहे. डायल-अपचा सारा व्यवहार सिरियल केबलमधल्या दोन तारांवर उभा असतो. डीसीडी या तारेवरून मोडेम यंत्राला सांगतो की समोरच्या मोडेमचा कॅरिअर, म्हणजे जोडणी असल्याची खूण असलेला संकेत, मिळत आहे. डीटीआर या तारेवरून यंत्र मोडेमला सांगते की मी तयार आहे, आणि तो संकेत काढून घेतला की मोडेमने फोन ठेवायचा असतो. मोडेम कॅरिअरबद्दल खोटे बोलत असेल किंवा यंत्राने फोन ठेवायला सांगितल्यावर ऐकत नसेल, तर वरच्या कोणत्याही फायलीत कितीही बदल केले तरी उपयोग होत नाही. आपल्या तिन्ही तक्रारींपैकी दोन सरळ येथून निघतात, तिसरी वेगाच्या गोंधळातून. म्हणून केबल, मोडेम, पोर्टचे नाव, गेट्टी (लाइनवर लॉगिन दाखवणारा प्रोग्राम), कुलूप-फाइल (पोर्ट कोणाच्या हाती आहे ते सांगणारी) आणि शेवटी यूयूसीपी, या क्रमानेच पाहावे. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टंकताना त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्यात.

केबलबाबत फार बोलण्यासारखे नाही, पण ती गृहीत धरू नये. संगणक आणि मोडेम यांच्यामध्ये सरळ केबल लागते. तारा उलटसुलट केलेली नल-मोडेम केबल दोन संगणक थेट जोडण्यासाठी असते. २५ पिनांच्या कनेक्टरवर २ आणि ३ या माहितीच्या तारा, ४ आरटीएस, ५ सीटीएस (‘पाठव’ किंवा ‘थांब’ सांगणारी जोडी), ६ डीएसआर (मोडेम चालू असल्याची खूण), ७ जमीन, ८ डीसीडी आणि २० डीटीआर. ९ पिनांच्या कनेक्टरवर हीच नावे वेगळ्या क्रमाने येतात: १ डीसीडी, २ आणि ३ माहिती, ४ डीटीआर, ५ जमीन, ६ डीएसआर, ७ आरटीएस, ८ सीटीएस आणि ९ घंटीचा संकेत. म्हणजे ९ ते २५ अशा केबलमध्ये पहिली पिन आठवीला आणि चौथी विसावीला पोचली पाहिजे. टर्मिनल किंवा प्रिंटरसाठी बनवलेल्या पुष्कळ केबलींत फक्त तीनच तारा असतात. त्यांवर अक्षरे ये-जा करतात, त्यामुळे केबल ठीक असल्याचा भास होतो आणि नेमक्या डीसीडी व डीटीआर या दोनच तारा गायब असतात. मल्टीमीटरने प्रत्येक पिन तपासणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

आता मोडेम. हेज कंपनीचा स्मार्टमोडेम १९८१ साली आला आणि त्याची ‘एटी’ने सुरू होणारी आज्ञावली पुढे सर्वांनी उचलली, मात्र उचलताना प्रत्येकाने आपापली भर घातली. मूळ आज्ञा सगळीकडे सारख्या आहेत; ‘&’ चिन्हापुढच्या आज्ञांसाठी मात्र त्या मोडेमची पुस्तिका जवळ असलीच पाहिजे. आधी ‘एटी&एफ’ देऊन कारखान्यातली मूळ स्थिती आणावी. मग ‘&सी१’: याने डीसीडीचा संकेत खऱ्या कॅरिअरमागे चालतो. अनेक मोडेम कारखान्यातून ‘&सी०’ या स्थितीत येतात, म्हणजे कॅरिअर असो वा नसो, डीसीडी कायम चढलेला. मग ‘&डी२’ किंवा ‘&डी३’. ‘&डी२’मध्ये डीटीआर पडताच मोडेम फोन ठेवतो आणि आज्ञा ऐकण्याच्या स्थितीत येतो; ‘&डी३’मध्ये तो फोन ठेवून स्वतःला पूर्वस्थितीत आणतो आणि साठवलेली सेटिंगे पुन्हा वाचतो. मी ‘&डी३’ पसंत करतो, कारण फोन लावताना एखाद्या प्रोग्रामने काही सेटिंगे बदलली असली, तरी पुढच्या कॉलच्या आत ती आपोआप पुसली जातात. शेवटी ‘&डब्ल्यू’ देऊन हे सारे मोडेमच्या स्मृतीत साठवावे, नाहीतर वीज गेली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. काही मोडेमवर डीटीआर आणि कॅरिअर यांच्यासाठी छोटे खटकेही असतात. ते सक्तीच्या स्थितीत असतील तर वरच्या आज्ञा देऊनही फरक पडत नाही.

हे झाले की यूयूसीपीला हातही न लावता मोडेमचे दिवे पाहावेत. फोन चालू नसताना कॅरिअरचा दिवा विझलेला असला पाहिजे. फोन लागून समोरच्या मोडेमशी जुळणी झाली की तो लागला पाहिजे. मग समोरच्या टोकाने फोन ठेवला की तो लगेच विझला पाहिजे. डीटीआरचा दिवा पोर्ट उघडल्यावर लागतो आणि बंद केल्यावर विझतो. इथे एक बारकी अडचण असते: प्रोग्राम पोर्ट बंद करतो आणि त्याच क्षणी गेट्टी ते पुन्हा उघडते, त्यामुळे डीटीआर इतका थोडा वेळ पडतो की मोडेमच्या ते लक्षातच येत नाही. एस२५ हे रजिस्टर (मोडेममधली सेटिंग साठवण्याची जागा) हा अवधी सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजते आणि बऱ्याच मोडेमवर त्याचे मूळ मूल्य ५ असते. दिवा क्षणभर लुकलुकतो पण मोडेम फोन ठेवत नाही, असे दिसले तर प्रथम हे मूल्य पाहावे.

लिनक्सचे यंत्र मंदावण्याचे कारण आपणच दिलेल्या इनिटटॅबच्या (यंत्राने सुरू ठेवायच्या प्रोग्रामांची यादी असलेल्या फाइलच्या) ओळीत आहे. तिथे अगेट्टी या लिनक्सवरच्या गेट्टीपुढे मोठ्या लिपीतला ‘वजा एल’ हा पर्याय आहे. थेट जोडलेल्या टर्मिनलसाठी तो योग्य असतो, कारण त्याचा अर्थ असा की ही लाइन स्थानिक आहे, कॅरिअरची वाट पाहू नये. मोडेमच्या लाइनवर त्याने अनर्थ होतो. गेट्टी कॅरिअर नसतानाच पोर्ट उघडते आणि ‘लॉगिन’ असा मजकूर पाठवते. मोडेम त्या वेळी आज्ञा ऐकण्याच्या स्थितीत असतो आणि मिळालेली अक्षरे जशीच्या तशी परत उमटवतो. गेट्टीला वाटते की कोणी नाव टंकले. मग पासवर्ड मागितला जातो. मोडेम तेही परत पाठवतो. प्रवेश नाकारला जातो, नवी गेट्टी सुरू होते आणि चक्र पुन्हा फिरते. दोघे एकमेकांशी अखंड बोलत बसतात आणि यंत्राचा वेळ त्यातच जातो. यावर पहिला उपाय तो पर्याय काढून टाकणे, म्हणजे पोर्टची सेटिंगे बदलणाऱ्या एसटीटीवाय आज्ञेच्या भाषेत सीलोकल (कॅरिअरकडे दुर्लक्ष) बंद आणि एचयूपीसीएल (पोर्ट बंद होताच डीटीआर पाडणे) चालू ठेवणे. दुसरा उपाय मोडेमला गप्प करणे: ‘ई०’ने प्रतिध्वनी बंद होतो आणि ‘क्यू१’ने ‘ओके’, ‘रिंग’ यांसारखे निरोप बंद होतात.

मात्र ‘क्यू१’ साठवले की फोन लावणाऱ्या प्रोग्रामला ‘ओके’ मिळणार नाही आणि तो वाट पाहून थकेल. म्हणून डायलर्स या यूयूसीपीच्या फाइलमधल्या, मोडेमशी होणाऱ्या संवादाची सुरुवात नेहमी ‘एटीक्यू०व्ही१’ने करावी, मग ‘ओके’ची अपेक्षा ठेवावी, मग ‘एटीडीटी’ आणि क्रमांक, आणि शेवटी ‘कनेक्ट’ची अपेक्षा. कॉल संपल्यावर ‘&डी३’ मोडेमला पुन्हा गप्प करते. या दोन सेटिंगांची सांगड अशी आहे, आणि बहुतेक ठिकाणी दोहोंपैकी एकच केलेले आढळते.

लिनक्सच्या बाजूला मी अगेट्टी काढून एमगेट्टी बसवण्याचा सल्ला देईन. साधी गेट्टी वापरताना मोडेमला ‘एस०=१’ सांगावे लागते, म्हणजे पहिल्या घंटीला मोडेम स्वतःच फोन उचलतो; यंत्र लटकलेले असले तरीही उचलतो, आणि फोन करणाऱ्याला फुकट बिल पडते. एमगेट्टी ‘एस०=०’ ठेवते, मोडेमकडून ‘रिंग’ हा निरोप येण्याची वाट पाहते आणि मग स्वतः ‘एटीए’ देऊन फोन उचलते. यंत्र बंद असेल तर घंटी नुसती वाजत राहते. अर्थात यासाठी मोडेमने बोलणे आवश्यक आहे, म्हणून एमगेट्टीबरोबर ‘क्यू१’ चालत नाही; ती स्वतःच सुरुवातीला ‘क्यू०’, ‘&डी३’ आणि ‘&सी१’ देते. एससीओच्या बाजूला त्याची स्वतःची गेट्टी राहू द्यावी, तिथे ‘ई०क्यू१एस०=१’ हेच योग्य.

आता निरर्थक अक्षरांकडे. मोडेमचा फोनवरचा वेग आणि मोडेम-संगणक यांच्यामधला वेग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या ३०० आणि १२०० बीपीएसच्या (दर सेकंदाला इतके बिट) काळात त्या एकच असत, आणि गेट्टी ब्रेकचा संकेत मिळाला की एकामागून एक वेग बदलून पाहत असे. व्ही.४२ ही त्रुटीदुरुस्ती आणि व्ही.४२बिस हे संक्षेपण आल्यावर पोर्टचा वेग एकाच आकड्यावर कायम ठेवणे हीच योग्य पद्धत ठरली. १४,४०० बीपीएसचा व्ही.३२बिस मोडेम असेल तर पोर्ट ३८,४०० किंवा ५७,६०० वर ठेवावे. पण पोर्टचा वेग मोडेमला कसा कळतो? शेवटची ‘एटी’ आज्ञा ज्या वेगाने आली तो वेग तो लक्षात ठेवतो, आणि येणाऱ्या फोनला उत्तर देताना यंत्राशी त्याच वेगाने बोलतो. आपल्या यूयूसीपीच्या फाइलीत ९,६०० आहे आणि गेट्टीच्या ओळीत ३८,४००. म्हणजे लिनक्सने एकदा बाहेर फोन केला की त्यानंतर येणारा प्रत्येक फोन बिघडणार, आणि यंत्र व मोडेम नव्याने चालू केल्यावर काही काळ सारे सुरळीत वाटणार. एका पोर्टला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने, म्हणजे गेट्टी, यूयूसिको (यूयूसीपीची प्रत्यक्ष देवाणघेवाण करणारा प्रोग्राम), सीयू (हाताने फोन लावण्याचा प्रोग्राम) आणि फॅक्ससुद्धा, एकच वेग वापरला पाहिजे. एससीओवर गेट्टीडेफ्स या गेट्टीच्या वेगांच्या फाइलमधली त्या वेगाची नोंद ‘पुढचा वेग’ म्हणून स्वतःकडेच बोट दाखवील अशी करावी. आठ बिट, पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) नाही, हेही दोन्हीकडे सारखे हवे.

वेग वाढवला की दोन प्रश्न उभे राहतात. ३८,४०० वर दर सेकंदाला ३,८४० अक्षरे येतात, म्हणजे एका अक्षराला जेमतेम २६० मायक्रोसेकंद. ८२५० किंवा १६४५० या सिरियल पोर्ट चालवणाऱ्या जुन्या यूएआर्ट चिपमध्ये एकच अक्षर थांबण्याची जागा असते. डिस्कच्या कामात यंत्र तेवढा वेळ गुंतले की अक्षर गळते. १६५५०ए मध्ये १६ अक्षरांची रांग असते, त्यामुळे जुन्या यंत्रात प्रथम ही चिप आहे का ते पाहावे. दुसरा प्रश्न प्रवाह-नियंत्रणाचा. पोर्ट फोनपेक्षा वेगवान असल्याने मोडेमची साठवण भरते आणि त्याला ‘थांबा’ म्हणावे लागते. हे आरटीएस-सीटीएस या तारांवरूनच व्हायला हवे. एक्सऑन-एक्सऑफ पद्धतीत (‘थांबा’ आणि ‘चालू’ हे अक्षरांनीच सांगण्याच्या) १७ आणि १९ या मूल्यांची अक्षरे राखीव असतात, आणि यूयूसीपीचा नेहमीचा ‘जी’ प्रोटोकॉल सर्व २५६ मूल्ये वापरतो, तेव्हा ती पद्धत येथे बाद. रॉकवेलच्या चिपवर आधारलेल्या मोडेममध्ये ‘&के३’, यूएस रोबोटिक्सच्या मोडेममध्ये ‘&एच१&आर२’; आणि लिनक्सवर एसटीटीवायमध्ये सीआरटीएससीटीएस. दोन्ही बाजूंनी चालू केले तरच त्याचा उपयोग.

पोर्टच्या नावांवरूनही बराच गोंधळ होतो. एससीओमध्ये एकाच भौतिक पोर्टला दोन नावे असतात: ‘टीटीवाय१’पुढे लहान लिपीतला ‘ए’ असेल तर मोडेमच्या संकेतांकडे दुर्लक्ष, मोठ्या लिपीतला असेल तर ते पाळले जातात. गेट्टी मोठ्या लिपीच्या नावावरच चालवावी. सनओएस आणि फ्रीबीएसडी या युनिक्सच्या प्रकारांमध्येही जोडी असते, पण तिचे तत्त्व वेगळे व अधिक सुबक आहे: येणाऱ्या फोनचे उपकरण उघडायला गेलेली प्रक्रिया कॅरिअर येईपर्यंत कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) अडकून राहते, आणि दरम्यान बाहेर जाणाऱ्या फोनचे ‘सीयूए’ उपकरण दुसरा प्रोग्राम बिनदिक्कत उघडू शकतो. लिनक्सनेही पूर्वी अशी जोडी ठेवली होती, पुढे ती सोडून दिली. त्यामुळे तिथे सारी भिस्त कुलूप-फाइलवर.

कुलूप-फाइल म्हणजे ‘एलसीके’, दोन टिंबे आणि उपकरणाचे नाव अशी छोटी फाइल, जिच्यात पोर्ट धरून बसलेल्या प्रक्रियेचा क्रमांक असतो. तो लिहिण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या यूयूसीपीत तो द्विमान रूपात लिहिला जाई. १९८३ साली पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी बेल लॅब्जमध्ये लिहिलेल्या आवृत्तीपासून, जिला तिघांच्या नावांवरून हनीडॅनबर म्हणतात, तो १० स्थानांच्या साध्या अंकांत लिहिला जातो. एका प्रोग्रामने एका रीतीने लिहिले आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने वाचले, तर जिवंत प्रक्रियेचे कुलूप शिळे समजून तो काढून टाकतो आणि दोघे एकाच पोर्टवर तुटून पडतात. डिरेक्टरीही एकच हवी. इयान लान्स टेलर यांच्या यूयूसीपीत, जी लिनक्सवर वापरली जाते, ही रीत संकलनाच्या वेळी ठरवता येते; तीत एससीओसाठी वेगळी सोयही आहे, कारण लहान आणि मोठ्या लिपीतली दोन नावे एकाच पोर्टची असल्याने कुलूप लहान लिपीच्या नावानेच लागावे लागते.

फोन लावण्याच्या बाबतीत भारतातल्या जुन्या लाइनींसाठी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक्स्चेंज टोन ओळखत नसेल तर टोनच्या ‘डीटी’ऐवजी पल्सचे ‘डीपी’ द्यावे. मोडेम आपल्याकडचा डायल टोन ओळखत नसेल तर ‘एक्स३’ द्यावे, म्हणजे तो टोनची वाट न पाहता डायल करतो आणि तरीही एंगेज ओळखतो. कार्यालयाच्या अंतर्गत एक्स्चेंजमधून जाताना शून्यानंतर स्वल्पविराम द्यावा. प्रत्येक स्वल्पविराम बहुधा दोन सेकंद थांबतो आणि एस८ने तो बदलता येतो. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या एनसीएसटी या संगणक-संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी अर्नेट या शैक्षणिक जाळ्याचे ई-मेल याच यूयूसीपी आणि डायल-अपवर सुरू झाले, ते अशाच लाइनींवर. आज फायबरवरून आलेल्या फोनवर उलट अडचण असते: आवाज पाकिटांतून जातो आणि व्ही.३४ या अधिक वेगवान पद्धतीचा वेग टिकत नाही. तिथे मोडेमला ९,६०० किंवा १४,४०० वर बांधून ठेवणे शहाणपणाचे.

एस७ हे रजिस्टर कॅरिअरसाठी किती सेकंद थांबायचे ते ठरवते. टेलर यूयूसीपी डायल करतानाच्या संवादात मुळात ६० सेकंद थांबते. एस७ त्याहून थोडे कमी, म्हणजे ५५ ठेवावे, म्हणजे ‘नो कॅरिअर’ हा निरोप प्रोग्रामपर्यंत पोचतो आणि अपयशाचे खरे कारण नोंदवहीत उतरते.

यूयूसीपीच्या स्वतःच्या फायली आता सोप्या आहेत. सिस्टम्स फाइलमध्ये (कोणत्या यंत्राला केव्हा व कसा फोन लावायचा याची यादी) वेळेच्या जागी २३०० ते ०६०० असे मध्यरात्र ओलांडणारे अंतर चालते. लॉगिनच्या संवादात ‘लॉगिन’ या शब्दाचे पहिले अक्षर गाळतात, कारण ते लहान की मोठ्या लिपीत येईल याचा भरवसा नसतो. समोरच्या यंत्रावर ज्या खात्याने लॉगिन होते त्याचे शेल (लॉगिननंतर सुरू होणारा प्रोग्राम) यूयूसिको असावे, आणि प्रत्येक येणाऱ्या यंत्रासाठी वेगळे खाते असावे. पहिली चाचणी सीयूने हातानेच घ्यावी: फोन लावावा, नाव आणि पासवर्ड टंकावा, आणि ‘एसहिअर’ने सुरू होऊन यंत्राच्या नावाने संपणारी ओळ दिसली की खालचे सगळे मजले पक्के झाले असे समजावे.

त्यानंतर यूयूसिको ‘वजा एक्स ९’ देऊन चालवावी आणि काय बिघडते यापेक्षा कुठे बिघडते ते पाहावे. जुळणी होते पण पहिले पाकीटच जात नाही आणि ‘अलार्म’ येत राहतात, तर लाइन आठ बिटांची नाही किंवा मध्ये कुठेतरी एक्सऑन-एक्सऑफ उरला आहे. लहान फायली जातात आणि मोठ्या काही केबीनंतर अडकतात, तर आरटीएस-सीटीएस एका बाजूला चालू नाही. सगळे जाते पण अतिशय हळू, तर ‘जी’ प्रोटोकॉलची खिडकी पाहावी: ६४ बाइटांची तीनच पाकिटे पाठवून पोचपावतीची वाट पाहिली, तर त्रुटीदुरुस्ती करणाऱ्या मोडेमच्या विलंबात निम्मा वेळ वाया जातो. खिडकी ७ करावी. पाकिटाचा आकार मात्र दुसऱ्या बाजूची आवृत्ती कळल्याशिवाय वाढवू नये, कारण कित्येक जुन्या आवृत्त्यांना ६४ पलीकडे काही उमगत नाही. प्रयत्न फसल्यावर यूयूसिको पुन्हा लगेच फोन लावायला नकार देते, तेव्हा त्या यंत्राची स्थिती-फाइल पुसावी किंवा सक्तीचा पर्याय द्यावा.

क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) हाती सोपवण्याआधी एक चाचणी मुद्दाम करावी. मोठी फाइल जात असताना भिंतीतून फोनची तार उपटावी. कॅरिअरचे दोन्ही दिवे विझले पाहिजेत, दोन्हीकडची यूयूसिको संपली पाहिजे, कुलूप-फाइल नाहीशी झाली पाहिजे आणि गेट्टी परत येऊन बसली पाहिजे. तार पुन्हा लावून दुसऱ्या बाजूने फोन करावा. लॉगिन स्वच्छ दिसले तर मग वेळापत्रक लावायला हरकत नाही. एखाद्या बाजूची यूयूसिको मागे उरली, तर त्या बाजूच्या मोडेमचे ‘&सी१’ खरोखर साठवले गेले आहे का, येथपासून पुन्हा सुरुवात करावी.